जनुकविश्लेषणाची मुक्तस्रोत आज्ञावली : प्रकाशनाची तारीख कशी ठरावी?



फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी, तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते, त्या छावणीचे उल्हासनगर झाले. या कुटुंबांनी सामानसुमान फारसे आणले नव्हते. परंतु त्यांपैकी काहींच्या रक्तातून थॅलसेमियाचा दोष नकळत बरोबर आला. हा दोष पंजाबी, लोहाणा आदी अनेक समाजांतही आढळतो. देशात शंभरांमागे तीन ते चार व्यक्ती त्याच्या वाहक असाव्यात, असा अंदाज आहे. सिंधी समाजात हे प्रमाण सरासरीहून अधिक असल्याचे दिसून आले आहे. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते. मात्र पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारांत एक एवढी शक्यता अशी असते की, जन्मणाऱ्या बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर, रक्त द्यावे लागेल.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील कुटुंबांच्या दृष्टीने संगणकाच्या आज्ञावलीचा प्रश्न येथे येऊन भिडतो. सिंधी व लोहाणा कुटुंबांत वारंवार आढळणारा एक दोष म्हणजे बीटा ग्लोबिन जनुकाच्या शेवटच्या बाजूची ६१९ अक्षरे गळलेली असणे. जनुकांचे वाचन करणारी प्रचलित यंत्रे एका वेळी साधारणपणे दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतात आणि असे कोट्यवधी तुकडे जुळवून त्यांतील फरक शोधण्याचे काम आज्ञावली करते. एखाददुसऱ्या अक्षराचा फरक शोधण्यासाठी लिहिलेली आज्ञावली ६१९ अक्षरांच्या गाळणीपाशी फसू शकते. मुद्रितशोधकाला ऱ्हस्वदीर्घाची चूक चटकन दिसते. पण एक अख्खा परिच्छेदच गळाला असेल, तर तो त्याच्या नजरेतून निसटतो, तशातलाच हा प्रकार होय. या एका दोषापुरती साधी पीसीआर तपासणी पुरेशी ठरते आणि वाहकांच्या प्राथमिक तपासणीसाठी तर जनुकवाचनाची आवश्यकताच नसते, हेही सांगितले पाहिजे. परंतु जेथे संपूर्ण जनुकसंचाचे वाचन होते, तेथे निष्कर्षाचा भार आज्ञावलीवर पडतो.

या क्षेत्रातील कित्येक महत्त्वाच्या आज्ञावल्या मुक्तस्रोत आहेत. त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तपासता येते, सुधारता येते. सुधारणा करणारे हात जगभर विखुरलेले असल्यामुळे काम कधीच संपत नाही. आणि जे काम संपत नाही, ते लोकांच्या हाती केव्हा द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२ हा काल कोरलेला आहे. दगडावरचे काम पुरे झाले की तारीख घालता येते. आज्ञावलीला ती सोय नाही.

बायोकंडक्टर या प्रकल्पाने काढलेला मार्ग विशेष अभ्यसनीय आहे. २००१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या प्रकल्पात आज दोन हजारांहून अधिक लहानमोठ्या आज्ञावल्या एकत्र नांदतात. त्या सर्वांची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, सामान्यतः एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांत, प्रसृत होते. प्रकल्प ज्या ‘आर’ या संगणकभाषेवर उभा आहे, तिचीही मोठी आवृत्ती एप्रिलच्या सुमारास येते. त्यामुळे दोहोंचा मेळ राहतो. प्रकाशनापूर्वीचे वेळापत्रक आधीच जाहीर होते : नवी आज्ञावली अमुक दिवसापर्यंतच स्वीकारली जाईल, अमुक दिवसानंतर नवे बदल थांबतील, त्यापुढे फक्त चुकांची दुरुस्ती होईल. प्रत्येक घटकाची चाचणी यंत्राकडून नियमितपणे घेतली जाते. जो घटक दीर्घकाळ नापास होतो, त्याला पूर्वसूचना देऊन पुढे वगळण्यात येते.

बदलापूरहून सुटणारी लोकल फलाटावर पोहोचलेल्यांना घेऊन निघते. जिना उतरत असलेल्या प्रवाशासाठी ती थांबत नाही आणि त्याने फार वाईट वाटून घेण्याचे कारण नसते, कारण पुढची गाडी केव्हा, हे त्याला ठाऊक असते. गाडीची वेळच ठाऊक नसेल, तर मात्र प्रत्येक जण धावत्या गाडीला लोंबकळू पाहील. प्रकाशनाची तारीख अनिश्चित असली की आज्ञावलीकारही हेच करतात : अर्धवट काम घुसवतात, कारण पुढची संधी केव्हा येईल याची खात्री नसते. डेबियन प्रकल्पाची भूमिका काहीशी वेगळी आहे. तेथे प्रकाशनाची तारीख फार आधी बांधून घेत नाहीत. नवे काम गोठवण्याच्या तारखा मात्र अगोदर जाहीर होतात. ज्या आवृत्तीवर रुग्णाचा अहवाल अवलंबून आहे, तिच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचा मिलाफ अधिक हितावह वाटतो. तारीख आधी ठरावी; परंतु ६१९ अक्षरांच्या गाळणीसारखे ज्ञात नमुने जो घटक ओळखू शकत नाही, त्याने पुढच्या गाडीची वाट पाहावी.

तारीख बाहेरून लादली गेली, तरी कधी कधी मोठे काम होते, हेही खरे. मानवी जनुकसंचाच्या कच्च्या आराखड्याची घोषणा २६ जून २००० रोजी व्हावयाची होती. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील जिम केंट या संशोधक विद्यार्थ्याने तुकडे जुळवणारी आज्ञावली सुमारे महिनाभरात लिहून घोषणेच्या अवघे काही दिवस आधी जुळणी पुरी केली आणि ७ जुलै रोजी तो आराखडा सर्वांसाठी खुला झाला. मात्र अशा पराक्रमावर दरवर्षीचा कारभार चालवता येत नाही.

आवृत्ती बदलली की उत्तर बदलू शकते, याचा अनुभव कोविडच्या काळात आला. २०२१ च्या पूर्वार्धात बी.१.६१७.२ म्हणून नोंदले गेलेले विषाणूचे नमुने, त्याच वर्षी उपवंशांची नवी नावे आल्यानंतर पुन्हा तपासले असता ‘एवाय’ मालिकेतील नावांनी दिसू लागले. विषाणू तोच होता, वर्गीकरण बदलले होते. साथीच्या तक्त्यात असा बदल पचतो. गर्भजल किंवा वार यांच्या तपासणीत तो सहजासहजी पचत नाही. वारेचा नमुना साधारणपणे गर्भारपणाच्या अकराव्या आठवड्यापासून घेता येतो आणि त्यापुढचा प्रत्येक आठवडा कुटुंबाच्या निर्णयासाठी मोलाचा असतो. त्या अवधीत प्रयोगशाळेने आज्ञावली बदलण्यास घ्यावी आणि अहवाल अडकावा, हे परवडणारे नाही.

म्हणून जाहीर झालेली तारीख ही प्रयोगशाळेच्या दृष्टीने तयारीला लागण्याची सूचना होय. त्याच दिवशी नवी आवृत्ती बसविण्याची आज्ञा नव्हे. ज्यांचे निदान अगोदरच पक्के आहे, असे जुने नमुने जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांतून तपासून पाहावेत, फरक आढळल्यास त्याचे कारण शोधावे, आणि मगच बदल करावा. एप्रिलच्या आवृत्तीच्या बाबतीत शासकीय संस्थांची आणखी एक अडचण असते : तयारीचे दिवस नेमके मार्चअखेरच्या हिशेबांच्या धांदलीत येतात. तेथे ऑक्टोबरची आवृत्ती निवडणे शहाणपणाचे ठरेल. नवी आवृत्ती स्वीकारण्यापूर्वी हाती आलेले नमुने जुन्या आवृत्तीवरच पुरे करावेत आणि प्रत्येक अहवालाच्या तळाशी आज्ञावलीचे नाव, आवृत्तीचा क्रमांक व तपासणीची तारीख छापावी. म्हणजे त्याच घरातील धाकट्या बहिणीची तपासणी चार वर्षांनी होईल, तेव्हा दोन अहवाल शेजारी ठेवून वाचता येतील.