गाभण गाय आणि गळ्यातली ग्रंथी
(रेडिओवरील भाषण)

गायीच्या गळ्यात, स्वरयंत्राच्या जरा खाली, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना चिकटून एक लहानशी ग्रंथी असते. शास्त्रीय मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, परंतु माणसांच्या दवाखान्यांतून थायरॉइड हा शब्द आता इतका घरोघर पोचला आहे की येथेही तोच वापरणे सोयीचे ठरेल. ही ग्रंथी रक्तातील आयोडीन ओढून घेते, टायरोसीन नावाच्या अमिनो आम्लाशी त्याची सांगड घालते आणि त्यातून दोन संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे दूरच्या अवयवांना निरोप पोचवणारी द्रव्ये, तयार करते. ज्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात त्याला थायरॉक्सीन किंवा थोडक्यात टी-४ म्हणतात, आणि ज्यात तीन असतात ते टी-३. ग्रंथीतून बाहेर पडते ते बहुतांशी टी-४, पण पेशींच्या आत जाऊन प्रत्यक्ष काम करते ते टी-३. एक अणू काढून पहिल्याचे दुसरे करण्याचे काम यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयवांतील विकरे, म्हणजेच एंझाइमे, करीत असतात. शरीराने अन्न किती वेगाने जाळावे, उष्णता किती निर्माण करावी, हे बऱ्याच अंशी या दोन द्रव्यांच्या प्रमाणावर ठरते.

दुभत्या गायींच्या संदर्भात या ग्रंथीची चर्चा पूर्वी मुख्यत्वे दुधापुरती होती. अलीकडे ती गाभण राहण्याच्या प्रश्नाकडे वळली आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. संकरित गायींच्या गोठ्यात दूध भरपूर, पण रेतन करूनही गाय पुन्हा पुन्हा उलटते, ही तक्रार पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही दूध संकलन केंद्रावर ऐकू येते. यातील नुकसानीचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. मध्यम दूध देणाऱ्या निरोगी गायींत योग्य वेळी रेतन झाले तर ९० टक्क्यांच्या आसपास बीजांडे फलित होतात, पण त्या एका रेतनातून वासरू मिळते ते निम्म्याच्या आसपास गायींना, आणि जास्त दुधाच्या गायींत हे प्रमाण आणखी खाली येते. म्हणजे फलन न होणे हे दुखण्याचे मुख्य कारण नव्हे. गर्भ धरतो आणि जातो, तोही बहुधा पहिल्या सोळा दिवसांतच, जेव्हा गायीच्या वागण्यात किंवा दुधात त्याची कोणतीही खूण उमटत नाही.

या सोळा दिवसांत काय घडते ते थोडे जवळून पाहावे लागेल. बीजांडाचे फलन अंडवाहिनीत होते, चौथ्या-पाचव्या दिवशी काही पेशींचा तो गोळा गर्भाशयात उतरतो, सातव्या-आठव्या दिवशी त्याच्या आत पोकळी तयार होते आणि नवव्या-दहाव्या दिवशी तो आपल्या पारदर्शक कवचातून बाहेर पडतो. त्यानंतर गायीगुरांचे वैशिष्ट्य म्हणावे अशी गोष्ट घडते. माणसाचा गर्भ या सुमारास गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसतो. गायीचा गर्भ मात्र मोकळाच तरंगत राहतो आणि लांब होऊ लागतो. तेराव्या दिवशी जो जेमतेम काही मिलिमीटरचा असतो तो सोळाव्या दिवसापर्यंत काही सेंटिमीटर लांबीचा धागा होतो. या धाग्याला एकच तातडीचे काम असते. अंडाशयावर बीजांड सुटलेल्या जागी जो पीतपिंड तयार होतो, त्यातून झिरपणारे प्रोजेस्टेरॉन गर्भधारणा टिकवून धरते. पण गर्भाची चाहूल लागली नाही तर गर्भाशय सतराव्या दिवसाच्या आगेमागे हा पीतपिंड मोडून काढते आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते. म्हणून त्यापूर्वीच गर्भाला आपल्या अस्तित्वाची वर्दी द्यावी लागते, आणि ती तो इंटरफेरॉन टाऊ नावाच्या प्रथिनाद्वारे देतो. मेंढीच्या गर्भातील हे प्रथिन विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉनांच्याच कुळातले आहे, हे १९८७ मध्ये उघड झाले तेव्हा शास्त्रज्ञांनाही ते अनपेक्षित होते. गर्भ खुजा राहिला तर प्रथिन कमी पडते, आणि जिवंत गर्भासह सारा डाव मोडतो.

येथेच माणसाचा दाखला गायीला लावण्याची चूक होते. स्त्रीच्या गर्भारपणात वर्दी देणारे संप्रेरक वेगळे असते, गर्भनिदान चाचणीत लघवीत तपासले जाते तेच. त्याची रचना थायरॉइडला चालना देणाऱ्या पियूषिका ग्रंथीच्या संप्रेरकाशी इतकी मिळतीजुळती आहे की पहिल्या तिमाहीत ते आईच्या थायरॉइडलाही डिवचते आणि तिच्या रक्तातील टी-४ वाढवते. गायीत असे संप्रेरक नाही. त्यामुळे गाभण राहताच गायीचे थायरॉइड जोमाने धावू लागेल, अशी अपेक्षा धरायला आधार उरत नाही, आणि स्त्रियांसाठी ठरवलेली थायरॉइडची पातळी गायीच्या रक्ततपासणीच्या कागदाशेजारी ठेवून निष्कर्ष काढणे तर सर्वस्वी गैर होय.

मग गायीच्या गर्भधारणेत या ग्रंथीचा हात किती? जुन्या प्रयोगांतून मिळालेले उत्तर विचार करायला लावणारे आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात कालवडींची थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली, तेव्हा त्यांच्या अंडाशयाचे चक्र चालू राहिले, पण माजाची बाहेरची लक्षणे, म्हणजे हंबरणे, दुसऱ्या गायीवर चढणे, अंगावर चढू देणे, ही दिसेनाशी झाली; तरीही रेतन केल्यावर त्या गाभण राहू शकल्या. ज्याला गोठ्यात मुका माज म्हणतात तोच हा प्रकार. म्हणजे ग्रंथी मंदावली की आधी बळी जातो तो माज ओळखण्याचा, गर्भाचा नंतर. दुसऱ्या बाजूने, प्रयोगशाळेतील काचपात्रात गायीच्या अंडाशयातील पेशींना टी-३ आणि टी-४ दिले असता त्यांच्याकडून होणारी लैंगिक संप्रेरकांची निर्मिती वाढते, असे आढळले आहे. आणि कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की गायीचे गर्भ काचपात्रात वाढवताना पोषक द्रवात ही संप्रेरके घातली तर त्यांची वाढ सुधारते. गर्भाला ही द्रव्ये कळतात, हे त्यावरून सिद्ध होते. जिवंत गायीला ती टोचली तर ती अधिक वेळा गाभण राहील, हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि दोन्हींमधले अंतर बरेच मोठे आहे.

खरी अडचण व्याल्यानंतरच्या काळात आहे. व्याल्यावर चार ते आठ आठवड्यांत दूध शिखरावर पोचते, पण गायीची खाण्याची क्षमता त्याच्या मागून, काही आठवड्यांनी वाढते. मधल्या काळात ती अंगावरची चरबी दुधात ओतत राहते आणि पाठीची हाडे वर येऊ लागतात. याच काळात जास्त दुधाच्या गायींच्या रक्तातील टी-४ आणि टी-३ खाली उतरलेले असतात. यकृतातील रूपांतर मंदावते, कासेतील मात्र वाढते, म्हणजे शरीर उरलेल्या अवयवांची चूल बारीक करते आणि मिळेल ते सरपण कासेकडे वळवते. याला रोग म्हणणे अन्यायाचे होईल. ही काटकसर आहे. तिच्यावर बाहेरून संप्रेरक देऊन मात करू पाहण्याचा प्रयत्नही होऊन गेलेला आहे. मिसुरी विद्यापीठातील रायनेके आणि टर्नर यांनी १९४० च्या दशकात दुधातील केसीन या प्रथिनावर आयोडीनची प्रक्रिया करून थायरॉइडसारखा परिणाम देणारे खाद्य तयार केले होते. गायींचे दूध वाढले, पण वजन घसरले, खुराक वाढवावा लागला, आणि खाद्य थांबवताच दूध खाली आले. तो उपाय गोठ्यांत टिकला नाही, यात नवल नाही.

तेव्हा या ग्रंथीकडे पशुपालकाने पाहायचे ते वैरणीच्या बाजूने. दुभत्या गायीला खाद्यातील प्रत्येक किलो शुष्क पदार्थामागे साधारण अर्धा मिलिग्रॅम आयोडीन लागते आणि त्यातील बराचसा वाटा दुधातून निघून जातो. ते कमी पडले तर अनियमित माज, गर्भपात, किंवा पूर्ण दिवसांचे पण अशक्त, केसविरहित, गळा सुजलेले वासरू असे परिणाम दिसतात. काही वैरणी आयोडीन असूनही ग्रंथीचे काम अडवतात. मोहरीवर्गातील पिकांची पेंड त्यांपैकी एक. महाराष्ट्राला अधिक जवळची म्हणजे सुबाभूळ. उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने संकरित गायींबरोबर या झाडाचाही मोठा प्रसार केला, आणि कोरडवाहू भागात बांधावरचा हिरवा, प्रथिनयुक्त पाला म्हणून त्याचे मोल आजही कमी नाही. पण त्यात मिमोसीन नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव त्याचे दुसऱ्या एका द्रव्यात रूपांतर करतात आणि ते द्रव्य थायरॉइडमध्ये आयोडीनची सांगडच घालू देत नाही. म्हणून नुसते आयोडीन वाढवून हा परिणाम हटत नाही. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणारी गुरे यामुळे खंगत असताना रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले की हवाई बेटांवरील बकऱ्या तोच पाला खाऊन धडधाकट राहतात. त्यांच्या पोटात ते द्रव्य फोडणारा जिवाणू होता, तो ऑस्ट्रेलियातील गुरांना देण्यात आला, आणि पुढे १९९२ मध्ये त्याला जोन्स यांचेच नाव जोडले गेले. कोरडवाहू गोठ्यासाठी साधा नियम पुरेसा आहे: सुबाभूळ एकूण वैरणीच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावी.

सेलेनियमची गोष्ट याहून नाजूक. टी-४ चे टी-३ करणारी विकरे सेलेनियमवाचून बनत नाहीत, त्यामुळे त्याचा तुटवडा म्हणजे आयोडीन असूनही अर्धवट राहिलेले काम. परंतु गरज आणि विषबाधा यांतील अंतर फार थोडे असल्याने मनाने त्याची इंजेक्शने देत सुटणे धोक्याचे आहे, आणि पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागांत तर जमिनीतच ते इतके आहे की तेथील गुरांना त्याचा त्रास होतो. उन्हाळ्यात थायरॉइड आणि गर्भधारणा दोन्ही मंदावतात हे खरे, पण त्यांचे समान कारण बहुधा उष्णता आणि तिच्यामुळे तुटलेले खाणे हेच असते. सावली, गार पाणी आणि रात्रीची वैरण हा त्यावरचा उपाय कोणत्याही गोळीपेक्षा स्वस्त पडतो.

रक्तातील थायरॉक्सीनची एकच तपासणी करून एखाद्या गायीच्या वंध्यत्वाचे निदान होत नाही, कारण ही पातळी दूध, ऋतू, खाणे आणि व्याल्यापासूनचे दिवस यांप्रमाणे हलत असते. त्यापेक्षा पशुवैद्यकाला उपयोगी पडतो तो तारखांचा हिशेब. गाय बरोबर एकविसाव्या दिवसाच्या आसपास उलटली तर फलन झाले नाही किंवा गर्भ सोळाव्या दिवसाआधीच गेला असे समजता येते. तीस-पस्तीस दिवसांनी उलटली तर गर्भाने वर्दी दिली होती आणि तो त्यानंतर गेला, अशी शंका घ्यावी लागते, अर्थात मधला माज नजरेतून सुटला नसेल तर. दोन्हींचे कारण वेगळे आणि उपचारही वेगळे. प्रत्येक गायीची व्याल्याची, माजाची आणि रेतनाची तारीख वहीत लिहून ठेवावी, खनिज मिश्रण रोजच्या खुराकात घालावे, आणि थायरॉइडचा विषय काढण्यापूर्वी ती वही पशुवैद्यकासमोर ठेवावी.