लहान कुत्रा लंगडतो तेव्हा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सगळ्यांनी सोसायटीच्या २५ वर्षांच्या आठवणी सांगितल्या. मला मात्र सेक्रेटरींनी वेगळाच विषय दिला. आपल्याकडे पॉमेरेनियन, पग, शित्झू अशी छोटी कुत्री बरीच झाली आहेत. ज्यांची मुलं नोकरीनिमित्त बाहेर आहेत, त्या घरांत तर दिवसभर बोलायला तेवढाच एक सोबती असतो. त्याने पाय उचलून धरला की सगळं घर काळजीत पडतं. मी बँकेतला माणूस, डॉक्टर नव्हे. पण आमच्या पॉमेरेनियनच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, लंगडणं हा आजार नव्हे, ती तक्रार आहे. "ओरडत नाही, म्हणजे दुखत नसेल," असं आपण म्हणतो. कुत्रं बरेचदा ओरडत नाही, पाय टेकायचं टाळतं. तीच त्याची भाषा.

आधी पंजा बघा. समुद्रावर फिरवून आणलं की सुरूचं टोकदार बोंड, काचेचा तुकडा किंवा गवताचं कुसळ बोटांच्या बेचक्यात अडकलेलं असतं. कधी नख तुटलेलं असतं. अंगावर गोचीड दिसली तर तेही डॉक्टरांना सांगा. गोचिडीमुळे येणाऱ्या तापातही सांधे दुखतात आणि कुत्रं लंगडतं.

पंजा ठीक असेल, आणि मागचा पाय असेल, तर छोट्या जातींत तीन कारणं नेहमी आढळतात.

एक, गुडघ्याची वाटी सरकणं. धावता धावता कुत्रं मागचा पाय उचलतं, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतं आणि पुन्हा काही झालंच नाही असं चालू लागतं. वाटी आपल्या खाचेतून, बहुधा आतल्या बाजूला, सरकते आणि परत बसते. याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत डॉक्टरांनी ढकलली तरच वाटी सरकते. दुसरीत ती आपली आपण सरकते आणि परत येते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, पण हाताने बसवता येते. चौथीत हातानेही बसत नाही. वरच्या पायऱ्यांत ऑपरेशन करून खाच खोल करावी लागते. आमच्याकडे दुसरी पायरी निघाली. वजन उतरवून आणि उड्या बंद करून भागलं.

दोन, खुब्याचा आजार. हा साधारण वर्षाच्या आतल्या पिल्लांना होतो. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त कमी पडतं आणि ते झिजतं. पाय हळूहळू बारीक होतो. हाच आजार लहान मुलांनाही होतो. १९१० साली अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, आणि त्या तिघांचंच नाव त्याला मिळालं. पिल्लाला बहुधा ऑपरेशन लागतं, पण अंगाने हलकं असल्याने नंतर ते चांगलं चालतं.

तीन, गुडघ्यातला स्नायुबंध तुटणं. मध्यम वयाचं, जरा जाड झालेलं कुत्रं एकदम पाय टेकेनासं होतं, किंवा नुसती बोटं टेकवून उभं राहतं. याला थांबू नका.

दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं कधीकधी अगदी सरळ चालून दाखवतं! म्हणून घरीच मोबाईलवर त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढून न्या. कोणता पाय, कधीपासून, सकाळी उठल्यावर जास्त की फिरून आल्यावर, हे कागदावर लिहा. पालघर-बोईसरकडच्या डॉक्टरांनी मोठ्या तपासणीला सांगितलं, तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपल्या सर्वांना ऐकून माहीत आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या वयाच्या प्रत्येक घरात गुडघेदुखीच्या गोळ्या असतात. त्यातली अर्धी कुत्र्याला द्यायचा मोह होतो. कृपा करून देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल जास्त झाली तर यकृताला मार बसतो. चार-पाच किलोच्या जिवाला आपली अर्धी गोळीही फार होते. शिवाय दुखणं दबलं की ते पुन्हा उड्या मारतं आणि सांधा आणखी बिघडतो.

घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. गुळगुळीत लाद्यांवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. सोफ्यावरून उडी मारू देऊ नका. आणि बिस्किटं आवरा! चार किलोच्या कुत्र्याचं अर्धा किलो वाढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेसात किलो वाढणं. हिशेब बँकेतल्या माणसाचा आहे, चुकायचा नाही. जिन्यात भेटलेल्या कुत्र्याला मालकाला न विचारता खाऊ घालू नये, ही बालमित्रांना खास विनंती.

शेवटचं मागणं तरुण मंडळींकडे. ज्यांचे स्वतःचेच गुडघे दुखतात, त्यांना लंगडतं कुत्रं उचलून जिने उतरवणं जमत नाही. मग दवाखाना आज-उद्यावर जातो आणि त्या घरात गोळीचा डबा उघडला जातो. शेजारच्या आजी-आजोबांचं कुत्रं पाय उचलून चालताना दिसलं, तर बेल वाजवा, विचारा, आणि रिक्षापर्यंत उचलून न्या. २५ वर्षं एका छपराखाली राहिलो, एवढं एकमेकांसाठी नक्की करू.