ध्येयाची चाकरी



'नोकरी' आणि 'ध्येय' हे दोन शब्द आपल्याकडे सहसा एका पंक्तीस बसत नाहीत. नोकरी पोटासाठी आणि ध्येय मनाच्या समाधानासाठी, अशी वाटणी आपण करून टाकलेली आहे. परंतु अलीकडे अशा काही संस्था निघाल्या आहेत की, त्यांच्या सेवकांना दरमहा वेतन मिळते, आणि काम मात्र पाण्याचे, मातीचे, झाडांचे असते. अशी चाकरी कशी असते, याचा आज थोडा विचार करू.

उदाहरणासाठी बीड जिल्ह्यात जाऊ. केज तालुक्यातील युसूफ वडगाव व त्याच्या आसपासची गावे अवर्षणाशी चांगलीच परिचित आहेत. याच तालुक्यात धनेगावजवळ मांजरा धरण आहे. ते आटल्यामुळे त्यावर विसंबून असलेल्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी पाठवावे लागले. त्याच वर्षी 'पाणी फाउंडेशन' ही नफा न वाटणारी कंपनी स्थापन झाली. गावांनी पाणलोटाची कामे स्वतः करावीत म्हणून तिने स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते व त्यांत शेजारचे अंबाजोगाई होते. २०१७ साली तालुके तीस झाले आणि त्यांत केजही आले.

ही कंपनी बांध बांधून देत नसे. बांध कसा घालावा हे शिकवीत असे. तिच्या सेवकाने गावोगाव फिरावे, रात्री पारावर माणसे जमवावीत, प्रशिक्षणास पुरुषांबरोबर स्त्रियाही पाठवा म्हणून विनवावे. पारदर्शक नळीत पाणी भरून उतारावर समतल रेषा कशी आखावी, ते दाखवावे. हिशेब सोपा आहे. एक हेक्टर रानावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी पडले. ते अडवावयाचे की वाहू द्यावयाचे, एवढाच प्रश्न!

येथपर्यंत सारे सुखाचे वाटते. खरी कसोटी पुढे आहे. २०१७ ची स्पर्धा ८ एप्रिलला सुरू होऊन ४५ दिवस चालली. बीडमधील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्यांनी नुकताच कोयता खाली ठेवला, त्यांनाच कुदळ उचला म्हणावयाचे! सांगणारा पगारी, ऐकणारा बिनपगारी. त्यातून ज्याला स्वतःची जमीनच नाही, त्याने जर विचारले की, "पाणी मुरेल ते विहीरवाल्याच्या विहिरीत; मला काय?" तर त्यास काय उत्तर द्यावे?

माझ्या मते या चाकरीचे सारे मोल या उत्तरात आहे. प्रश्न हसून टाळणारा सेवक ध्येयाचा नव्हे, केवळ जाहिरातीचा सेवक होय. त्याने तो प्रश्न ग्रामसभेपुढे न्यावा. पिण्याचे पाणी व गुरांचे पाणी प्रथम, पिकाचे नंतर, असा ठराव पावसाआधीच व्हावा म्हणून झटावे. कारण चर खोदले म्हणजे पाणी आले असे नव्हे. पाऊस पडावा लागतो. आणि मुरलेले पाणी नव्या विंधन विहिरींनी उपसून उसास पाजले, तर केलेले श्रम एका हंगामात संपतात. किती घनमीटर खोदले हे सांगणे सोपे असते; पुढल्या वैशाखात किती घरी पाणी उरले, हे सांगणे अवघड. प्रामाणिक सेवकाने दुसरा आकडाही मागितला पाहिजे.

दुसरी गोष्ट संस्थांनी लक्षात ठेवावी. ध्येयाचे नाव घेऊन कमी वेतन देणे, रात्रंदिवस राबविणे, हा धर्म नव्हे. ज्याच्या स्वतःच्या घरी ओढाताण आहे, तो दुसऱ्याच्या गावात धीर कोठून वाटणार? रास्त वेतन घेणे हा कमीपणा नाही. उलट त्यामुळे सेवकावर उपकारकर्त्याचा आव आणण्याची पाळी येत नाही.

ती जलस्पर्धा २०१९ नंतर थांबली व संस्थेने शेतकरी गटांचे काम हाती घेतले. स्पर्धा येतात आणि जातात. सेवक निघून गेल्यावरही उतारावर नळी धरून रेषा आखणारी चार माणसे गावात राहिली आणि पाण्याची वाटणी भांडणावाचून होऊ लागली, तर त्याचा पगार गावाने फेडून घेतला असे समजावे. इतर नोकऱ्यांत मनुष्य आपल्यावाचून अडावे म्हणून खटपट करतो. या नोकरीत आपल्यावाचून अडू नये म्हणून खटपट करावयाची असते.