पँटाला : दोनच जातींची प्रजाती



पावसाळा ओसरू लागला की माळरानावर, शेताच्या बांधावर आणि शाळेच्या पटांगणावर पिवळसर चतुरांचे थवे विहरताना दिसतात. बराच वेळ कोठेही न टेकता उडणारा हा कीटक शास्त्रज्ञांना ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’ या नावाने परिचित आहे. पँटाला प्रजातीत जगभर मिळून अवघ्या दोन जाती आहेत. एवढ्या लहान प्रजातीला स्वतंत्र स्थान का द्यावे, हा प्रश्न साहजिक आहे.

लिनीअसने १७५८ मध्ये त्याला ज्ञात असलेले सर्व चतुर ‘लिबेल्युला’ या एकाच प्रजातीत घातले होते. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये भारतातील या चतुराचे वर्णन केले, तेही लिबेल्युला म्हणूनच. पुढे १८६१ मध्ये हेरमान हागेन याने पँटाला ही प्रजाती वेगळी केली.

वर्गीकरणात रंगावर विसंबून चालत नाही. कोवळा पिवळा नर वयपरत्वे तांबूस होतो. पंखांची ठेवण मात्र पालटत नाही. पँटालाचे मागचे पंख बुडाशी विलक्षण रुंद असतात. दुसरी जात ‘पँटाला हायमेनिया’ अमेरिका खंडांत आढळते. तिच्या मागच्या पंखांच्या बुडाशी तपकिरी डाग असतो. फ्लॅव्हेसेन्सला तो नसतो.

हे रुंद पंख वाऱ्यावर तरंगण्यास उपयोगी पडतात. मालदीव बेटांवर दर ऑक्टोबरात उतरणारे हे चतुर भारताकडून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. वाटेत जेथे पाऊस, तेथे त्यांची वीण. पावसाच्या उथळ डबक्यात घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले साधारण ३८ ते ६५ दिवसांत पूर्ण वाढतात आणि पाणी आटण्यापूर्वी उडून जातात.

ही पिल्ले डासांच्या अळ्या खातात. केवळ त्यांच्यावर विसंबून डासांचे निर्मूलन होणार नाही, हे खरे. परंतु डबक्यात सरसकट कीटकनाशक ओतले, तर डासांबरोबर त्यांचा शत्रूही मरतो. म्हणून फवारणीपूर्वी पाण्यात काय वाढत आहे, हे ग्रामपंचायतीने पाहून घ्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चतुराच्या शेपटीला दोरा बांधू न देता त्याचे पंख न्याहाळण्यास शिकवावे. वर्गीकरणाचा पहिला पाठ तेथेच मिळतो.