लम्पीची वाट

लम्पी हा गाई-बैलांना होणारा, देवीच्या कुळातला विषाणूजन्य रोग. मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी हे त्याचे भाऊबंद. म्हणूनच 2022 च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचता आली. रोगाची पहिली नोंद 1929 ची, आजच्या झांबियातली. अनेक दशके आफ्रिकेत राहून तो 2013 मध्ये तुर्कस्तानात, 2019 मध्ये ओडिशात आणि ऑगस्ट 2022 मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला पोचला. पुढे तो नगर जिल्ह्यातही पसरला, हे या सभागृहात सांगायला नको.

हा डीएनए विषाणू, सावकाश बदलणारा. तरी रशियात 2017 साली सापडलेल्या विषाणूत मोकाट विषाणूचे आणि लशीतल्या विषाणूचे तुकडे एकत्र जुळलेले आढळले. जिवंत लस शुद्ध असणे किती गरजेचे, ते यावरून कळते.

गाठ सुपारीएवढी, चाचपली तर घट्ट. काही दिवसांत मधला भाग मरतो, भोवती चीर पडते, खपली बुचासारखी निघते आणि खड्डा उरतो. त्या सुक्या खपलीत विषाणू महिनाभर तग धरतो. चावऱ्या माशीच्या पोटात तो वाढत नाही. सोंडेला चिकटून शेजारच्या गाईपर्यंत जातो. एकाच सुईने सगळ्या दावणीला इंजेक्शन दिले तरी तेच घडते.

पण माशी सहसा गोठ्याच्या आसपासच राहते. जिल्हे ओलांडतो तो टेम्पो. घोडेगाव, काष्टी, लोणीच्या बाजारात चार तालुक्यांच्या गाई शेजारी-शेजारी उभ्या राहतात. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत कधी आठवडा, कधी महिना जातो. तोवर गाय धडधाकट दिसते, दूध देते, विकली जाते. सप्टेंबर 2022 मध्ये बाजार बंद झाले, त्याचा राग अजून आहे आणि तो रास्त आहे: पेंड परवडत नसताना विकायची गाय दारात बांधून ठेवावी लागली. तरीही बंदी योग्यच होती. भरपाई फक्त मेलेल्या जनावराची मिळाली, थांबलेल्या सौद्याचीही मिळायला हवी होती.

डुकरांच्या आफ्रिकी तापाला माशीही लागत नाही. 2020 मध्ये तो आसामात दिसला. खरकटे, मांस आणि वाहने त्याला पुरतात. हाताशी लस नसल्याने बाधित जागेभोवतीच्या एक किलोमीटरातली डुकरे मारावी लागतात. गाईंच्या बाबतीत ती वेळ आली नाही, कारण लस होती.

उपचार एका वाक्यात: अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, जखम चिघळणे तेवढे थांबते.

खरी धास्ती गळीत हंगामाची. पाथर्डी, आष्टी, पाटोद्याच्या ऊसतोड मजुरांच्या बैलजोड्या साखर कारखान्याच्या तळावर कोप्यांलगत बांधल्या जातात. लशीने अंगात प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे तळावर पोचल्यावरची टोचणी उशिराची ठरते. ती गावातच, पोळ्याला बैल धुऊन रंगवतात त्याच आठवड्यात व्हायला हवी.