फुटत नाही तो पिनकोड



मूळ संख्या म्हटलं की शाळेत पाठ केलेल्या 2, 3, 5, 7 आठवतात आणि 97 पाशी आपली गाडी थांबते. आज मी जी मूळ संख्या घेऊन आलोय ती सहा अंकी आहे आणि तुमच्यातल्या कित्येकांनी ती बँकेच्या अर्जावर शेकडो वेळा लिहिली आहे. अंबरनाथचा पिनकोड, 421501.

शेजारचे बघा. उल्हासनगरचा 421001 म्हणजे 7 गुणिले 60143. तिथल्याच 421003 ला 11 ने भाग जातो. बदलापूरचा 421503 तर 3 × 109 × 1289 असा तीन तुकड्यांत फुटतो. अंबरनाथचा फुटत नाही.

हे मी वहीत भागाकार करून ठरवलं. संख्या फुटणारी असेल तर तिचा निदान एक मूळ भाजक वर्गमुळाच्या आत सापडतोच. 421501 चं वर्गमूळ 649 च्या जरासं पुढे. तिथवर मूळ संख्या 118, म्हणून भागाकारही 118. 281 ला श्वास रोखून धरला होता, कारण 281 × 1500 = 421500. एकाने हुकलं! शेवटच्या 647 ला बाकी 304 उरली आणि मी पेन खाली ठेवलं. यंत्राने हे क्षणात झालं असतं. पण बाकी स्वतः काढल्याशिवाय संख्येशी ओळख होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता तिचा खरा गुण. समजा, अंबरनाथच्या शिवमंदिरापुढे आपण सारख्या मापाच्या 421501 चौकोनी फरश्या आणल्या. सगळ्या वापरून आयत करायचा तर एकच लांबलचक ओळ होईल, दुसरा आयत नाही. पण दोन चौरस मात्र बरोब्बर होतात, एक 645 बाजूचा आणि एक 74 चा. 416025 अधिक 5476, करून बघा. एकही फरशी उरत नाही, आणि दोन चौरसांची दुसरी जोडी शोधूनही मिळणार नाही. 4 ने भागून 1 उरणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येचं असंच असतं. गणितज्ञ फर्माने हे सतराव्या शतकात सांगितलं, ऑयलरने अठराव्यात सिद्ध केलं. मला यापेक्षा सुंदर प्रमेय माहीत नाही.

421501 ला माझी वही पुरली, पण काही मूळ संख्या फारच मोठ्या असतात. ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेली अशी एक मूळ संख्या आहे 2 चा 136279841 वा घात वजा 1. तिचे अंक 4 कोटी 10 लाख 24 हजार 320. तिथे वही चालत नाही, पण या जातीच्या संख्यांची कसोटी तुम्ही घरी करू शकता. 31, म्हणजे 2 चा पाचवा घात वजा 1, घ्या. 4 पासून सुरुवात. वर्ग करा, 2 वजा करा, 31 ने भागून बाकी ठेवा. 4 वरून 14, 14 वरून 8, 8 वरून 0. शेवटी शून्य आलं, 31 मूळ. इथे तीन पायऱ्या लागल्या. त्या मोठ्या संख्येला याच पायऱ्या 13 कोटी 62 लाख 79 हजार 839 लागतात, आणि तिथेही शेवटी शून्यच आलं.