पिवळ्या पानाचे देणे



बेगडेवाडीहून आगगाडीने लोणावळ्याकडे निघाले, की आश्विन-कार्तिकात मावळातील भातखाचरे पिवळी पडू लागलेली दिसतात. पान पिवळे झाले म्हणजे ते संपले, असे आपण समजतो. वास्तविक त्या वेळी पानाच्या पेशींत मोठे काम चाललेले असते. त्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

वनस्पतीच्या पेशीत रोज काहीतरी बिघडते. प्रखर उन्हाने हरितलवके निकामी होतात, उष्णतेने प्रथिनांची घडी मोडून गुठळ्या बनतात. झाडाला उठून सावलीत जाता येत नाही. त्याला जागच्या जागीच आपले घर निर्मळ राखावे लागते. निकामी भागाभोवती पेशी दुहेरी पटलाची पिशवी तयार करते व ती रिक्तिकेत नेऊन सोडते. तेथील विकरे त्या भागाचे विघटन करतात आणि सुटे झालेले घटक नव्या बांधणीस उपयोगी पडतात. या क्रियेस ‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण म्हणतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी किण्वपेशींत हिची जनुके शोधली. त्याबद्दल त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक लाभले. तशीच जनुके वनस्पतींतही आहेत.

या कामात विवेक आहे. टाकाऊ प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लागते. ती खूण ओळखून त्यांना पिशवीत घेतले जाते. चांगले ते राखले जाते.

भाताच्या पानातील बहुतांश नत्र हरितलवकांत असते. पीक पक्व होताना स्वभक्षणामुळे त्यातील काही नत्र मोकळे होऊन दाण्याकडे जाते. जपानमधील संशोधकांनी ही क्रिया बंद पडलेली भाताची रोपे तपासली, तेव्हा परागकण नीट पक्व झाले नाहीत आणि दाणे फारच थोडे भरले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

नत्र मुबलक असले की हे काम मंदावते. उणीव भासली की वेग घेते. म्हणून शेतकरी बांधवांना एक विनंती आहे. पान अखेरपर्यंत हिरवेगार राहावे म्हणून युरियाचा अतिरेक करू नये. त्याने पीक उशिरा पिकते, लोळते आणि रोगास बळी पडते.

वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने विकसित केलेला इंद्रायणी तांदूळ आपल्या घरोघरी शिजतो. त्याचा वाफाळता भात ताटात येईल, तेव्हा त्या पिवळ्या पानाचे स्मरण असू द्यावे.